क्लचची केबल आणि नानांचा डावा पाय

ठाण्याहून टिटवाळ्याला गाडीने जायला दीड तास लागतो, रस्ता मोकळा मिळाला तर सव्वा. आम्हाला तीन दिवस लागले. तेवढ्यात लोक दुबई बघून येतात आणि वर्षभर सोसायटीत फोटो दाखवत फिरतात. माझ्याकडे दाखवायला फोटो एकच आहे, तोही तुटलेल्या केबलचा, आणि तो काढला म्हणूनच आमचा एक दिवस फुकट गेला. तरी हा प्रवास लिहून काढायचं ठरवलं, कारण त्यात मी एक गोष्ट केली जी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

प्रवासी दोघे. मी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय शहात्तर, आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेलं, आणि अजूनही घरात नळ गळायला लागला तर प्लंबर यायच्या आत त्यांनी पाना हातात घेतलेला असतो. तिसरी प्रवासी म्हणजे गाडी. एकोणीस वर्षांची, पांढरी, चार गिअरची, नानांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. मी त्यांचा मुलगा सतीश, बँकेत नोकरीला, आणि माझी स्वतःची गाडी ऑटोमॅटिक आहे. ही शेवटची माहिती बढाई म्हणून देत नाही, पुढे ती लागणार आहे.

चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी नानांनी गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सतीश, डावा पाय ऐकत नाही आता. क्लच दाबताना जीव जातो. गाडी मनीषाला देऊन टाकू." मनीषा म्हणजे नानांच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या शांतारामकाकांची मुलगी. काका आता नाहीत. ती टिटवाळ्याला राहते, पलीकडच्या एका गावातल्या शाळेत शिकवते, आणि शाळेत पोचायला तिला दोन वाहनं बदलावी लागतात. लायसन्ससाठी तिने नुकताच अर्ज केलेला, ते हातात येईपर्यंत गाडी आमच्याकडेच उभी राहायची होती. नानांनी तिला फोन करून शब्दही देऊन टाकला.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्याच्या आधी महिनाभर तीन हात नाक्याच्या सिग्नलला नानांची गाडी दोनदा बंद पडलेली. मागच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून त्यांना नको ते ऐकवलं होतं. हे मला नानांनी नाही, शेजारच्या जोशींनी सांगितलं. तेव्हापासून ते गाडी घेऊन बाहेर पडले की परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही. त्यांनी आपणहून सोडली म्हणजे माझ्या माथी वाईटपणा आला नाही.

पण गाडीबरोबर त्यांनी बाकीचंही सोडायला सुरुवात केली. गुरुवारी किसननगरला जुन्या कामगार मित्रांचा अड्डा भरतो, तिथे जाणं बंद झालं. पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट लागायला लागली. संध्याकाळी गॅलरीत बसून डाव्या गुडघ्याला तेल चोळायचे आणि पायाकडे असे बघायचे की जणू त्याने घरातलं काही चोरलंय. आम्ही म्हणायचो, वय झालं, चालायचंच.

बुधवार, खाडीच्या पलीकडे

शिळफाट्याने जायचं माझ्या डोक्यात होतं. नाना म्हणाले, खाडीवर नवा पूल झालाय तो बघू, मी ती खाडी होडीने ओलांडलेली आहे, एका लग्नाला. म्हणून आम्ही माणकोलीकडून निघालो. त्या दिवशी गाडी चालवायची मीच असं ठरलेलं. नाना म्हणाले होते की ते आता स्टिअरिंगच्या बाजूला बसणार नाहीत.

चार महिने उभी असलेली गाडी एका दमात सुरू झाली. क्लच मात्र एवढा जड की दोन सिग्नल होईपर्यंत माझी मांडी भरून आली. मी नानांना म्हटलं, क्लच फार जड आहे हो. ते खिडकीतून बघत म्हणाले, तुझ्या गाडीला दोनच पेडल, तुझा डावा पाय दिवसभर करतो काय? मला ते पटलं. ऑटोमॅटिकने आपल्याला आळशी केलं असं म्हणत मी दाबत राहिलो. बापाने दोष स्वतःच्या पायाला दिला होता, लेकाने आपल्या पायाला दिला. गाडीला कोणीच काही म्हटलं नाही.

पूल सुंदर आहे. मधोमध आल्यावर दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, कडेला खारफुटी, आणि समोर डोंबिवलीच्या इमारतींची रांग. नाना होडीतल्या वऱ्हाडाची गोष्ट सांगत होते. नवरदेवाचा बूट पाण्यात पडला आणि तो एक पाय अनवाणी घेऊन बोहल्यावर चढला. ते किती तरी दिवसांनी एवढं बोलत होते.

पूल उतरून पुढे आलो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी जायची होती. रांगेत उभं असताना थोडंथोडं पुढे सरकायचं म्हणून मी पुन्हा गिअर टाकायला क्लच दाबला, आणि एकदम पायाखालचं पेडल नाहीसं झालं. म्हणजे होतं तिथेच, पण निर्जीव. जमिनीला टेकलं आणि वर आलंच नाही. फाटक उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले, मला घाम फुटला.

नानांनी पेडलकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. "केबल गेली. गाडी बंद कर. आता पहिला गिअर टाक. फाटकाकडे जायचं नाही, डावीकडे अंगण दिसतंय ना, तिकडे चाक वळव. आणि आता सेल्फ मार."

मी किल्ली फिरवली. गाडीने बेडकासारखी उडी मारली, दुसरी मारली आणि गुरगुरत चालू लागली. क्लच नसताना गाडी चालते हे मला पन्नाशीत कळलं. थांबवायची कशी हे मात्र मी विचारलेलं नव्हतं. आम्ही एका चार मजली इमारतीच्या अंगणात शिरलो, आणि मी ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा पुढचं चाक वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवर चढलेलं होतं.

"चाक काढा आदी, वर्साच्या मसाल्याच्या मिरच्या हायीत," आतून एक बाई आल्या. त्यांच्यामागून हाफपँट आणि बनियनमधले, गळ्यात जाड साखळी असलेले नानांच्याच वयाचे गृहस्थ आले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "कनाला ओरडतंस, गारी बंद परली यांची." हे बाळाराम. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी हिराबाई. अंगण, इमारत आणि मिरच्या त्यांच्या. इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं, आणि पलीकडे बापाचं मिठागर.

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी मागे ढकलली. त्या कामात मिरच्यांची पूड उडून चौघेही शिंकायला लागलो, आणि शिंकता शिंकता ओळख झाली. बाळारामांनी फोन करून विनोद नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. तो यायला वेळ होता. नाना म्हणाले, आम्ही कोपर स्टेशनकडे जाऊन काहीतरी खाऊन येतो. बाळारामांना हे अपमानासारखं वाटलं. "गारी बंद परली, आता पोट पन बंद ठेवताव का?" म्हणाले आणि नानांच्या हाताला धरून आत घेऊन गेले.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. मी तो आजवर चिखलातच बघितला होता, ताटात अपेक्षित नव्हता. आमचं मूळ संगमेश्वरकडचं, आमच्या कालवणात नारळ भरपूर असतो. इथे नारळ नावालाही नाही. लसूण, हिरवी मिरची, चिंच आणि तो लाल मसाला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी दुसरी भाकरी मागितली. नानांनी तीन खाल्ल्या. घरी ते दीड पोळीवर आले होते.

विनोद साताऱ्याकडचा, पण जन्म डोंबिवलीत. त्याने पेडलच्या वर बॅटरी मारली. तुटलेल्या टोकाच्या तारा झाडूसारख्या पिंजारल्या होत्या. नानांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुटली. तिचंही वय झालं." एवढं म्हणून ते अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आता माझी हुशारी. विनोद म्हणाला, मॉडेल जुनं आहे, केबल काढतो आणि नमुना घेऊन जातो. मी म्हटलं, कशाला, फोटो पाठवू, जमाना कुठे गेलाय. नाना खुर्चीतून म्हणाले, नमुन्याशिवाय दुकानात जायचं नसतं. मी ऐकलं नाही. फोटो पाठवला, दुकानातून आहे असं उत्तर आलं, संध्याकाळी माणूस केबल घेऊन आला. ती दीड वीत जास्त लांब निघाली आणि टोकही वेगळं. दुकान बंद व्हायची वेळ झालेली. नाना आपल्या नखांकडे बघत बसले. त्यांची ती जुनी सवय आहे आणि मला ती बोलण्यापेक्षा जास्त लागते.

मी म्हटलं, रिक्षाने ठाण्याला परत जाऊ, उद्या येऊ. नानांना गाडी सोडून जायचं नव्हतं. टो करून थेट टिटवाळ्याला न्यायचं म्हटलं तर म्हणाले, शब्द दिलेल्या माणसाच्या दारात बंद गाडी ढकलत न्यायची नाही. बाळारामांनी दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीची चावी काढून दिली, भाडेकरू मागच्या महिन्यात सोडून गेलेला. आमच्या सोसायटीत माझा सख्खा मेव्हणा आला तरी गेटवरचा वॉचमन मला फोन करून त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि येण्याचं कारण विचारतो. इथे मिरच्यांवर गाडी घालणाऱ्या माणसाला चावी मिळाली, आणि हिराबाईंनी पाणी किती वाजता येतं तेवढंच बजावलं.

गुरुवार, कल्याणची गल्ली

सकाळी बाळाराम नानांना खाडीवर घेऊन गेले. ते गेल्यावर विनोद आला, गाडीखाली शिरला आणि अर्ध्या तासात जुनी केबल काढून बाहेर आला. ती वेटोळं करून पिशवीत टाकली आणि आम्ही त्याच्या मोटारसायकलवर कल्याणला गेलो.

गाड्यांच्या सुट्या भागांची ती गल्ली बघण्यासारखी आहे. ज्या दुकानात गेलो त्याच्या भिंतींवर छतापर्यंत केबलच केबल, बाजारात शेवग्याच्या शेंगा टांगतात तशा. दुकानदार म्हातारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याला मी गाडीचं नाव, साल, मॉडेल सगळं सांगितलं. त्याने ऐकलं नाही. हात पुढे केला. विनोदने पिशवीतली केबल दिली. त्याने ती भिंतीतल्या खिळ्याला अडकवली, वरून एकेक नवी काढून शेजारी धरून बघू लागला. पाचवी बरोबर लांबीची निघाली, टोकंही तीच. ती मुळात कुठल्या तरी मालवाहू व्हॅनची होती म्हणे. फोटोत लांबी येत नाही हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मग त्याने जुनी केबल खाली काढली, दोन्ही हातांनी वाकवली. कव्हरमधून गंजाची तपकिरी भुकटी काउंटरवर सांडली. एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाला, ओढा. मी ओढलं. हलेना. पाय भिंतीला लावून ओढलं तेव्हा बोटभर सरकली आणि अडकली. नवी दिली, ती एका बोटाने सरकली.

"काका, हिच्यावर गाडी चालवत होतं कोण?" विनोदने विचारलं. "आतून पूर्ण पकडलेली आहे ही. वर्षभर तरी झालं असेल. रोज चालवणाऱ्याचा पाय कामातून गेला असता. दुसरा कोणी असता तर गाडी चालवायचीच सोडून दिली असती."

मी म्हटलं, माझे वडील चालवायचे. आणि मला तिथेच, त्या काउंटरपाशी, सगळं कळलं.

नानांच्या पायाला काही झालेलं नव्हतं. तीन हात नाक्याला गाडी बंद पडली ती त्यांच्यामुळे नाही. शहात्तराव्या वर्षी एक माणूस दररोज तो गंजलेला दोर ओढत होता आणि ओढून दमला, तर त्याने समजूत करून घेतली की आपण संपत आलो. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर नानांनी आधी बॉनेट उघडलं असतं. पण गाडी हळूहळू जड होत गेली, वय रोज वाढत होतं, आणि आम्ही घरातले सगळे वय झालं म्हणायला बसलेलोच होतो. फिटर माणसाने यंत्राऐवजी स्वतःला मोडीत काढलं.

कारखान्यात नानांचा एक नियम होता आणि आजही आहे. नवा पार्ट बसवला की जुना बघायचा. का तुटला ते कळल्याशिवाय काम पुरं होत नाही. दुकानदार जुनी केबल पुन्हा पिशवीत भरायला लागला. मी म्हटलं, राहू दे, टाकून द्या. त्याने ती मागच्या पिंपात टाकली.

हे मी ठरवून केलं. त्या क्षणी मला टेम्पोवाल्याने दिलेल्या शिव्या आठवल्या, नाना बाहेर गेल्यावर माझं फोनकडे बघत बसणं आठवलं. केबल त्यांच्या हातात पडली असती तर दहा सेकंदांत त्यांना कळलं असतं, आणि ते पुन्हा गाडी चालवायला लागले असते. गाडी तर मनीषालाच द्यायचीय, उगाच कशाला जखम उघडायची, असं मी स्वतःला सांगितलं. मी बँकेत आहे, पटेल असं कारण मला चटकन सापडतं.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही उसळपाव खाल्ला. उसळ नामांकित असावी, लोक रांगेत होते. मला चव लागली नाही.

परत आल्यावर नाना अंगणात होते, बाह्या सरसावून. पहिला प्रश्न, "जुनी कुठाय?" मी म्हटलं, दुकानातच राहिली. विनोदने माझ्याकडे पाहिलं, पण तो शहाणा, हत्यारांची पेटी उघडायला लागला. नाना म्हणाले, "नमुना विसरलास काल, आज जुनी विसरलास." आणि कामाला लागले.

केबल बसवायचं काम तासाभराचं. एक टोक पेडलच्या आकड्यात अडकवायचं, केबल इंजिनाच्या बाजूला काढायची, दुसरं टोक गिअरबॉक्सवरच्या दांड्याला. मग तिथला नट आवळून पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवायचा, बोटभर, त्याला नाना प्ले म्हणतात. नट विनोद आवळणार होता, नानांनी पाना त्याच्या हातातून घेतला. मला पेडलपाशी बसवलं आणि बॉनेटखालून आवाज दिला, "दाब. सोड. दाब. सोड."

मी दाबलं. मळलेल्या कणकेत बोट जावं तसा पाय खाली गेला. काल ज्या पेडलने माझी मांडी भरून आणली होती ते हेच, यावर विश्वास बसेना.

"कसा आहे?" नानांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

नव्या घरी गाडी अंधारात द्यायची नाही, असं नाना म्हणाले, म्हणून निघणं सकाळवर गेलं. संध्याकाळी अंगणात चहा झाला. बाळाराम नानांना सकाळी दाखवलेल्या होडीविषयी पुन्हा सांगत होते. वीसएक वर्षं त्यांनी त्या खाडीवर माणसं पलीकडे नेली. नाना म्हणाले, पूल आला आणि तुमची होडी बंद झाली. बाळारामांनी मान हलवली. "पूल होवाच्या आदीच सोरली मी. एक दिस वाटला, बस झाला. कोनी सांगला नाय. मीच ठरवला."

"नशीबवान आहात," नाना म्हणाले. "माझं माझ्या पायाने ठरवलं."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. बोलायला याच्यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. मी कपबशा उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. हिराबाई म्हणाल्या, तुम्ही कशाला. मी म्हटलं, असू द्या.

शुक्रवार, टिटवाळा

निघताना हिराबाईंनी एका डब्यात लाल मसाला बांधून दिला. मिरच्यांचं नुकसान कोणी केलं आणि भेट कोणाला मिळाली, हे हिशेबात बसत नाही. बाळारामांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. ते फुटल्याचा आवाज ऐकून मगच त्यांनी हात वर केला.

डोंबिवलीतून कल्याण, तिथून टिटवाळ्याचा रस्ता. जागोजागी नव्या इमारती, प्रत्येकीवर निसर्गाच्या सान्निध्यात असं लिहिलेलं आणि निसर्गाच्या जागी वाळूचे ढीग. मी मुद्दाम हिसके देत क्लच सोडत होतो, नाहीतर नानांना गाडीच्या चालीवरून ओळखता येईल म्हणून. एवढी लबाडी मी कॉलेजातही केली नव्हती. नाना म्हणाले, नीट चालव, गाडी नव्या घरी चाललीय.

आधी गणपतीचं दर्शन घेतलं. मी देवासमोर डोळे मिटून उभा राहिलो खरा, पण मागितलं काहीच नाही. मागायला तोंड पाहिजे.

मनीषा वाट बघत होती. हार, नारळ, आरतीचं ताट सगळं तयार. चाळिशीची, किरकोळ बांध्याची, बोलायला मोकळी. तिने गाडीला कुंकू लावलं आणि नानांच्या पाया पडली. नानांनी डॅशबोर्डवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. मग कागद दिले, डिकीतला जॅक दाखवला. मी मनात म्हणत होतो, आता संपलं, आता किल्ली द्या आणि निघू.

"नानाकाका, रिव्हर्सचं तुम्ही फोनवर सांगितलेलं ते मला नीट कळलं नाही," मनीषा म्हणाली. "एकदा दाखवा ना बसून."

"मी आता त्या बाजूला बसत नाही गं. सतीश दाखवेल."

"त्याला काय माहीत तुमच्या गाडीचं. उभ्या गाडीत दाखवा."

तिला नाही म्हणणं नानांना जमत नाही. ते वळून आले, सीट पुढे घेतली, बसले. सवयीने आधी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि जोर लावण्यासाठी दात आवळले. मी समोर उभा होतो, मला काचेतून सगळं दिसत होतं. त्यांनी जोर लावला आणि पेडल सरळ तळाला गेलं. ते थोडे पुढे कलंडले.

त्यांनी पाय उचलला. पुन्हा दाबलं, या वेळी अलगद. पुन्हा. मग मान खाली घालून ते स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मनीषा विचारत होती, काका, काय झालं? त्यांनी वर पाहिलं ते काचेतून माझ्याकडे. मी नजर खाली घातली. माझ्याकडून कबुली द्यायची ती तेवढ्यातच दिली गेली.

"बस बाजूला," ते मनीषाला म्हणाले. "चालवूनच दाखवतो."

गाडी गेली. रिव्हर्समध्ये गल्लीतून बाहेर, एका झटक्यात, कुठे न घासता, आणि मग तलावाच्या रस्त्याने वळणाआड. मी मनीषाच्या दारात आरतीच्या ताटाशेजारी उभा होतो. वीस मिनिटांनी ते परत आले. उतरताना त्यांनी दरवाज्याला धरलं नाही.

किल्ली तिच्या हातात ठेवताना ते तिला म्हणाले, "गाडी चांगली आहे. क्लच कधी जड वाटायला लागला तर आधी केबल बघायची. पायाला बोल लावायचा नाही." मनीषाने मान डोलावली. शाळेतल्या बाईने सूचना लिहून घ्यावी तशा गंभीरपणे.

आम्ही चालत स्टेशनवर आलो. ते पुढे, मी मागे. दुपारची वेळ, फलाटावर फारसं कोणी नव्हतं. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "नाना, मला कालच कळलं होतं."

"प्ले बसवताना पाय तुझाच होता की."

"त्याच्याही आधी. दुकानात."

त्यांनी डाव्या गुडघ्यावरून हात फिरवला. मी म्हटलं, "तुम्ही परत चालवायला लागाल म्हणून नाही सांगितलं. तुम्ही गाडी घेऊन बाहेर पडलात की मला भीती वाटते."

"मग भीती वाटते म्हणून सांगायचं. ते मला कळलं असतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "चार महिने रोज मी या पायाला शिव्या घालतोय. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही माहीत नाही. लांब रुळांवर गाडीचा पुढचा भाग दिसायला लागला तेव्हा ते उठले, पँट झटकली.

"तू काल सांगितलं असतंस ना," ते म्हणाले, "तरी गाडी मनीषालाच दिली असती मी. शब्द दिलेला होता. फक्त आनंदाने दिली असती."